कूलरचा शॉक: घरातील विजेची सुरक्षा, प्रथमोपचार आणि ग्राहकाचे हक्क

मार्च उजाडला की खानदेशात माळ्यावर ठेवलेले कूलर खाली उतरतात. एप्रिल-मे महिन्यांत धुळे-जळगाव पट्ट्यात पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे नरडाणा, शिंदखेडा, शिरपूर परिसरातील घरांत कूलर ही चैन नसून गरजेची वस्तू आहे. लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसांना उष्माघातापासून वाचवण्यासाठी आम्ही डॉक्टरही कूलर वापरायला सांगतो.

मात्र हाच कूलर दर उन्हाळ्यात काही घरांत विजेचा धक्का बसण्याचे कारण ठरतो. पत्र्याचा सांगाडा, आत साठलेले पाणी, त्यात बुडालेला पंप, ओली फरशी आणि अनवाणी पाय या पाच गोष्टी एकत्र आल्या की थोडीशी गळकी वीजही जीव घेऊ शकते. असा मृत्यू बहुतेक वेळा काही मिनिटांत होतो. रुग्णालयापर्यंत पोहोचायलाही वेळ मिळत नाही. म्हणूनच या विषयात उपचारांपेक्षा प्रतिबंध महत्त्वाचा आहे.

या लेखात विजेच्या धक्क्याने शरीरात काय होते, घरात कोणती काळजी घ्यावी, धक्का बसल्यास काय करावे आणि सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास ग्राहक म्हणून तुमचे कोणते हक्क आहेत, हे पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

- कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी फक्त बटण बंद करू नका, पिन सॉकेटमधून काढा.
- घराला चांगले अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी असावे. एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही.
- शॉक लागलेल्या माणसाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करा.
- श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब देणे सुरू करा आणि १०८ ला फोन करायला सांगा.
- पक्के बिल घ्या आणि जपून ठेवा. अपघात झाल्यास ती वस्तू दुरुस्त करू नका, फेकू नका.

विजेच्या धक्क्याने शरीरात काय होते?

आपल्या घरात २३० व्होल्टचा वीजपुरवठा असतो. शरीरातून किती वीजप्रवाह जाईल हे प्रामुख्याने त्वचेच्या विरोधावर अवलंबून असते. कोरडी, जाड त्वचा विजेला बराच विरोध करते. हा विरोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. त्वचा ओली किंवा घामाने भिजलेली असेल तर तोच विरोध एक हजार ओहमच्या आसपास येतो.

याचा हिशेब सोपा आहे. विरोध एक लाख ओहम असेल तर शरीरातून सुमारे २ मिलीअँपिअर प्रवाह जाईल. तेव्हा नुसत्या मुंग्या येतील. विरोध एक हजार ओहम असेल तर तोच प्रवाह २३० मिलीअँपिअर होतो. घर तेच, कूलर तोच, माणूसही तोच. फरक फक्त ओल्या हाताचा आणि ओल्या पायाचा.

वेगवेगळ्या प्रवाहाचा परिणाम साधारण असा होतो:

- १ मिलीअँपिअर: मुंग्या जाणवतात.
- १० ते १५ मिलीअँपिअर: हाताचे स्नायू आखडतात. मूठ आवळणारे स्नायू जास्त ताकदीचे असल्याने पकडलेली वस्तू सोडता येत नाही. यालाच आपण 'चिकटला' असे म्हणतो.
- ३० मिलीअँपिअरच्या पुढे: छातीचे स्नायू आखडून श्वास अडू शकतो. प्रवाह जास्त वेळ राहिल्यास हृदयाला धोका निर्माण होतो.
- ५० ते १०० मिलीअँपिअर आणि त्याहून अधिक: हृदयाचे ठोके बिघडून ते नुसते थरथरू लागते. त्यामुळे मेंदूला रक्त पोहोचत नाही आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो.

हृदयाच्या या थरथरण्याला 'व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन' म्हणतात. घरगुती विजेच्या धक्क्याने होणाऱ्या अचानक मृत्यूचे हे प्रमुख कारण आहे. अशा वेळी अंगावर भाजल्याची खूण दिसेलच असे नाही. ओल्या त्वचेतून गेलेली वीज काही वेळा एकही डाग सोडत नाही. त्यामुळे 'कुठे भाजलेले नाही, म्हणजे शॉक किरकोळ होता' असा अर्थ काढू नका.

कूलरच जास्त धोकादायक का?

कूलर आठ महिने अडगळीत पडून असतो. या काळात पंपाच्या वायरचे आवरण वाळून तडकते, उंदीर ते कुरतडतात. पंपावर क्षाराचे थर बसतात, पंख्याच्या मोटरमध्ये धूळ आणि ओल शिरते. मग गरमी वाढली की घाईघाईने कूलर पुसून, नवे गवत लावून तो सुरू केला जातो. वायरिंग तपासायचे राहून जाते.

आपल्याकडे गावातल्या किंवा तालुक्याच्या दुकानात जोडून मिळणारे पत्र्याचे कूलर खूप वापरले जातात. ते स्वस्त असतात आणि हवा चांगली देतात. पण सांगाडा धातूचा असल्यामुळे आतली एखादी उघडी वायर पत्र्याला लागली तर संपूर्ण कूलर जिवंत तारेसारखा होतो. प्लास्टिकच्या सांगाड्यात हा धोका कमी असतो, संपत नाही. कारण पंप बिघडला तर टाकीतल्या पाण्यातही करंट उतरू शकतो.

दोन सवयी विशेष घातक आहेत.

*पहिली सवय: तिसरी पिन काढून टाकणे.* तीन पिनांच्या प्लगमधली जाड आणि लांब पिन अर्थिंगची असते. सॉकेट दोन पिनांचे आहे म्हणून ती कापली जाते, किंवा वायरची टोके सोलून काडीने सॉकेटमध्ये खोचली जातात. तसे केले की पत्र्यात उतरलेल्या करंटला जमिनीत जायचा मार्गच उरत नाही. मग तो मार्ग कूलरला हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून जातो.

*दुसरी सवय: बटणावर विश्वास ठेवणे.* वायरिंग चुकीचे असेल तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते. अशा वेळी बटण बंद केल्यावर पंखा थांबतो, पण कूलरच्या आत फेज चालूच राहते. पाणी भरताना, गवत बदलताना किंवा कूलर सरकवताना पिन काढणे हाच खात्रीचा उपाय आहे.

खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, नातवंडांनी घर भरते. ऐन उन्हाळ्याचे हे दिवस असतात. घराची सवय नसलेली लहान मुले कूलरच्या जाळीत बोटे घालतात, टाकीतल्या पाण्याशी खेळतात. घरात मुले येण्यापूर्वी कूलरची तपासणी झालेली असलीच पाहिजे.

घरातील इतर धोक्याच्या जागा

- पाण्याची मोटर: नळाला पाणी आल्यावर टिल्लू पंप लावताना हात-पाय ओले असतात, वायर अंगणातून ओलांडलेली असते आणि जोड चिकटपट्टीचा असतो. मोटर सरकवण्यापूर्वी पिन काढा.
- कपडे वाळत घालायची तार: लोखंडी तार पत्र्याच्या शेडला किंवा विजेच्या वायरजवळच्या खिळ्याला बांधलेली असते. वायरचे आवरण झिजले की तारेत करंट उतरतो आणि ओले कपडे टाकणाऱ्या बाईला तो लागतो. लोखंडी तारेऐवजी नायलॉनची दोरी वापरा.
- पत्र्याचे घर: सर्व्हिस वायर पत्र्याला घासत असेल तर पूर्ण छप्पर आणि भिंत करंट धरू शकते. पावसाळ्यापूर्वी ही जागा जरूर पाहा.
- पाणी तापवायचा रॉड: बादलीत रॉड चालू असताना पाणी किती तापले हे बोट घालून पाहू नका. आधी पिन काढा. लोखंडी बादली वापरू नका.
- अर्थिंगचा न्यूट्रल म्हणून वापर: न्यूट्रल मिळत नाही म्हणून जमिनीत सळई ठोकून दिवे चालवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्या सळईजवळची ओली जमीन आणि सळईला जोडलेली प्रत्येक वस्तू धोकादायक होते. हे कधीही करू नका.

तीन संरक्षणे, तीन वेगळी कामे

'आमच्याकडे एमसीबी आहे, मग भीती कसली?' असे अनेक जण म्हणतात. येथे मोठा गैरसमज आहे.

एमसीबी वायरिंगला वाचवते. वायरवर जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झाले तर ती पडते. १६ अँपिअरची एमसीबी म्हणजे १६,००० मिलीअँपिअर. माणसाचे हृदय बंद पडायला त्याचा छोटासा अंशही पुरतो. त्यामुळे माणूस चिकटलेला असतानाही एमसीबी पडत नाही.

अर्थिंग गळक्या विजेला जमिनीत जायचा सोपा मार्ग देते. मात्र ते खरोखर काम करत असले पाहिजे. नुसती वायर पाण्याच्या नळाला गुंडाळणे म्हणजे अर्थिंग नव्हे. तसे केल्यास नळालाच करंट येऊ शकतो. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती उन्हाळ्यात कोरडी पडली की त्याची क्षमता कमी होते. म्हणून त्यात अधूनमधून पाणी घालावे आणि वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे.

आरसीसीबी माणसाला वाचवते. बोलीभाषेत याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. घरात फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सारखा आहे का, हे ते सतत पाहते. थोडाही प्रवाह दुसऱ्या वाटेने, म्हणजे पत्र्यातून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीत जाऊ लागला की ते सेकंदाच्या छोट्या भागात वीज तोडते. घरासाठी ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी घ्यावे. किंमत साधारण एखाद्या मिक्सरएवढी असते.

आरसीसीबी घेताना आणि वापरताना लक्षात ठेवा:

- त्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबा. वीज गेली तर यंत्र चालू आहे. गेली नाही तर वायरमनला बोलवा.
- ते वारंवार पडत असेल तर घरात कुठेतरी गळती आहे. दोष शोधा. 'सारखे पडते' म्हणून ते काढून टाकणे म्हणजे ताप येतो म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखे आहे.
- इन्व्हर्टरच्या लाइनला वेगळे संरक्षण आहे का, हे वायरमनला विचारा.
- एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्ही पकडले तर आरसीसीबीला गळती कळत नाही. म्हणून ते असले तरी उघड्या वायरला हात लावू नये.

एमआयडीसीत कामाला असणारी अनेक माणसे भाड्याच्या खोलीत राहतात. खोली घेताना भाडे आणि पाण्याबरोबर सॉकेटला अर्थिंग आहे का, मुख्य बोर्डात आरसीसीबी आहे का, हेही विचारा. घरमालकांनीही हा खर्च टाळू नये.

शॉक लागल्यावर काय करावे?

क्रम महत्त्वाचा आहे. घाईत आधी हात लावणारा दुसरा माणूसही चिकटतो. एकाच घरातली दोन माणसे दगावतात ती अशीच.

१. वीज तोडा. मेन स्विच बंद करा किंवा पिन ओढून काढा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने माणसाला वस्तूपासून दूर ढकला. काठी ओली किंवा धातूची नसावी. रस्त्यावरील किंवा शेतातील उच्च दाबाच्या तारेबाबत हा उपाय करू नका. तेथे दूर राहा आणि १९१२ वर कळवून वीज बंद करून घ्या.

२. हाक मारा, श्वास पाहा. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. छाती वर-खाली होते का, हे दहा सेकंदांच्या आत पाहा. तोंड उघडून अडखळत, आचके दिल्यासारखा येणारा श्वास हा खरा श्वास नाही.

३. १०८ ला फोन करायला सांगा. एकटे असाल तर फोन स्पीकरवर ठेवून पुढचे काम सुरू करा.

४. छातीवर दाब द्या. माणसाला कडक जमिनीवर उताणे झोपवा. छातीच्या मधोमध एक तळहात, त्यावर दुसरा तळहात ठेवा. कोपरे सरळ ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. लहान मुलात एकाच हाताने, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश इतके दाबा.

५. थांबू नका. रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा माणूस श्वास घेऊ लागेपर्यंत दाब देत राहा. दमल्यास दर दोन मिनिटांनी दुसऱ्याने जागा घ्यावी. शॉक लागण्यापूर्वी हृदय बहुधा निरोगी असते. वेळेत दाब दिले तर वाचण्याची शक्यता चांगली असते.

६. भाजलेली जागा वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. पण वीज तोडल्याची खात्री झाल्यावरच. त्यानंतर स्वच्छ कापडाने सैलसर झाका.

माणूस उंचावरून किंवा शिडीवरून पडला असेल तर मान आणि पाठीला इजा झालेली असू शकते. विनाकारण त्याला हलवू नका.

काय करू नये?

- वाळूत किंवा मातीत पुरणे, तळपाय चोळत बसणे, कांदा हुंगवणे. यात मौल्यवान मिनिटे वाया जातात.
- बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणे. ते फुप्फुसात जाते.
- भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट, हळद, तेल, शाई किंवा बर्फ लावणे.
- 'आता बरा वाटतोय' म्हणून बेशुद्ध पडून गेलेल्या माणसाला घरीच ठेवणे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

क्षणभर झिणझिण्या आल्या, माणूस शुद्धीत आहे, कुठे भाजलेले नाही आणि काहीही त्रास नाही, अशा बहुतेकांना गंभीर इजा झालेली नसते. मात्र पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा:

- थोडा वेळ का होईना, शुद्ध हरपली होती.
- छातीत दुखणे, धडधड, धाप लागणे, चक्कर.
- माणूस वस्तूला चिकटला होता किंवा अंग ओले होते.
- एका हातातून आत येऊन दुसऱ्या हातातून वीज गेली. असा प्रवाह छातीतून जातो.
- भाजल्याची लहानशीही खूण. वरची जखम छोटी दिसली तरी आतले स्नायू जास्त भाजलेले असू शकतात.
- लघवी चहासारखी किंवा काळपट होणे. स्नायूंची मोडतोड झाल्याचे ते लक्षण आहे. त्यामुळे मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.
- गर्भवती स्त्री, हृदयरोगी, पेसमेकर बसवलेली व्यक्ती.
- लहान मुलाने वायर चावली असेल. ओठाची खपली ५ ते १४ दिवसांनी सुटताना अचानक रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे सुरुवातीला जखम किरकोळ वाटली तरी दाखवा.

रुग्णालयात प्रथम ईसीजी काढला जातो. गरजेप्रमाणे रक्त आणि लघवीची तपासणी होते. घरगुती विजेचा धक्का, शुद्ध हरपलेली नाही आणि ईसीजी सामान्य असेल तर बहुतेकांना घरी सोडले जाते. इतरांना काही तास देखरेखीखाली ठेवतात. गंभीर रुग्णांना धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी हलवावे लागते.

कूलर किंवा विजेची वस्तू घेताना

- पक्के बिल घ्या. त्यावर दुकानाचे नाव, तारीख, वस्तूचे नाव आणि मॉडेल असावे. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. 'बिल घेतले तर जास्त पैसे पडतील' या वाक्याला बळी पडू नका.
- आयएसआय खूण नीट वाचा. खरी खूण म्हणजे नुसती तीन अक्षरे नव्हेत. वरच्या बाजूला आयएस क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. उदाहरणार्थ, पाणी तापवण्याच्या रॉडसाठी आयएस ३६८, साठवणीच्या गिझरसाठी आयएस २०८२, घरगुती वायरसाठी आयएस ६९४. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये परवाना क्रमांक टाकून तो खरा आहे का, हे दुकानातच पाहता येते.
- जोडून घेतलेल्या कूलरचे बिलही घ्या. मोटर, पंप आणि वायर कोणत्या कंपनीची आहे ते बिलावर लिहून घ्या. दुसऱ्यांनी बनवलेले भाग जोडून वस्तू तयार करणाराही कायद्याने उत्पादकच ठरतो.
- नवीन घराचे वायरिंग शासनाचा परवाना असलेल्या वीज ठेकेदाराकडून करून घ्या. कामाचे, साहित्याचे आणि मजुरीचे लेखी अंदाजपत्रक घ्या. प्रत्येक सॉकेटला अर्थिंग आणि मुख्य बोर्डात आरसीसीबी हे त्यात स्पष्ट लिहिलेले असू द्या. पैसे देऊन करून घेतलेले काम ही 'सेवा' आहे. तीही ग्राहक कायद्याखाली येते.

अपघात झाला तर: कागद आणि वस्तू दोन्ही जपा

शोकाच्या आणि धावपळीच्या वेळी कागदांचा विचार सुचत नाही, हे आम्ही रोज पाहतो. तरीही घरातल्या एका माणसाने पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. नंतर त्या मिळवता येत नाहीत.

- रुग्णालयात कशाचा शॉक लागला ते खरे आणि स्पष्ट सांगा. 'चक्कर येऊन पडला' असे मोघम सांगू नका. केसपेपरवर 'कूलरमुळे विजेचा धक्का' अशी नोंद झाली का, ते विचारा. ही मेडिको-लीगल केस असते. पोलिसांना कळवणे हा नेहमीच्या कार्यपद्धतीचा भाग आहे, त्याला घाबरू नये.
- मृत्यू झाल्यास शवविच्छेदन नाकारू नका. अंगावर खूण नसलेल्या मृत्यूत शॉकमुळेच मृत्यू झाला हे शवविच्छेदन आणि पंचनाम्याशिवाय सिद्ध करणे फार कठीण जाते. नुकसानभरपाई किंवा अपघात विम्याचा दावा याच कागदांवर उभा राहतो.
- कूलर, पंप, प्लग आहे तसे ठेवा. फोटो काढा. वायरमनकडून 'ठीक' करून घेऊ नका. भंगारात देऊ नका.
- बिल, वॉरंटी कार्ड, औषधांची बिले, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवा.

२०२० सालच्या २० जुलैपासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'उत्पादन दायित्व' हे स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष वस्तूमुळे इजा, मृत्यू किंवा मालमत्तेचे नुकसान झाल्यास उत्पादकाकडून, आणि काही परिस्थितीत विक्रेत्याकडून, भरपाई मागता येते. धोक्याची पुरेशी सूचना दिली नसेल तरीही दायित्व येऊ शकते. वस्तू ज्याने विकत घेतली त्याच्या संमतीने ती वापरणारा घरातला माणूसही ग्राहक मानला जातो. ग्राहकाचा मृत्यू झाल्यास वारस तक्रार करू शकतात.

याच कायद्याची दुसरी बाजूही समजून घ्या. वस्तूचा गैरवापर झाला किंवा त्यात फेरफार केला होता असे दिसले तर दावा टिकत नाही. अर्थिंगची पिन कापणे हा असाच फेरफार ठरवला जाऊ शकतो. म्हणजे जी पिन जीव वाचवते, तीच पिन तुमचा हक्कही वाचवते.

तक्रार कशी करावी?

१. आधी विक्रेता आणि कंपनीला लेखी कळवा. व्हॉट्सॲप, ई-मेल किंवा नोंदणीकृत टपाल चालेल. पुरावा राहिला पाहिजे.

२. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा किंवा ८८००००१९१५ या क्रमांकावर व्हॉट्सॲप करा. वॉरंटी, पैसे परत, दुरुस्तीला टाळाटाळ अशा अनेक तक्रारी येथेच मिटतात.

३. तरीही न मिटल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जा. धुळे जिल्ह्यातील ग्राहकांसाठी तो धुळ्याला आहे. वस्तू पुण्याहून किंवा ऑनलाइन घेतली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते. ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. वकील नेमणे सक्तीचे नाही. 'ई-जागृती' या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते.

४. मुदत लक्षात ठेवा. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हायला हवी.

लिहिता येत नसेल किंवा मार्गदर्शन हवे असेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांची मदत घ्या. ही चळवळ मूळ महाराष्ट्रातलीच. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ती सुरू केली.

महावितरणची जबाबदारी कुठपर्यंत?

साधारणपणे खांबापासून मीटरपर्यंतची यंत्रणा वीज कंपनीची आणि मीटरनंतरचे वायरिंग घरमालकाचे असते. लोंबकळणारी तार, पत्र्याला घासणारी सर्व्हिस वायर, खांबात उतरलेला करंट दिसला तर १९१२ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. विजेच्या गंभीर अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षक करतात. त्यांचा अहवाल भरपाईच्या दाव्यात महत्त्वाचा असतो, त्याची प्रत मागा. पुरवठ्याच्या तक्रारीला दाद मिळत नसेल तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल यांच्याकडे जाता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चप्पल घातली की शॉक लागत नाही ना?
कोरड्या रबरी चपलेने धोका कमी होतो, संपत नाही. चप्पल ओली असेल, किंवा दुसरा हात भिंतीला वा नळाला लागला असेल तर वीज त्या मार्गाने जाते.

कूलरला टेस्टर लावला, लागला नाही. म्हणजे सुरक्षित का?
नाही. पंप चालू झाल्यावर किंवा पाणी भरल्यावर गळती सुरू होऊ शकते. वायरमनकडून पंप, मोटर आणि अर्थिंग तपासून घ्या.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. तो कूलरच्याच बोर्डावर लावला तर?
लावू नये. अशा यंत्राला भिंतीवरचे स्वतंत्र, अर्थिंग असलेले सॉकेट द्या. कूलरचे पाणी आणि तुषार त्याच्यावर उडणार नाहीत इतक्या अंतरावर ठेवा. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत बिडी, उदबत्ती, दिवा नको.

कूलरला हात लावल्यावर थोड्या मुंग्या येतात, पण चालतो. वापरू का?
नाही. तो लगेच बंद करा. मुंग्या ही पूर्वसूचना आहे. आज हात कोरडा होता म्हणून मुंग्यांवर भागले.

लक्षात ठेवायचे क्रमांक

- रुग्णवाहिका: १०८
- सर्व आपत्कालीन मदत: ११२
- अग्निशमन: १०१
- वीजपुरवठ्याची तक्रार: १९१२
- घरगुती गॅसगळती: १९०६
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५

हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून मीटरच्या बोर्डाजवळ चिकटवा. मेन स्विच कोणता, तो कसा बंद करायचा, हे घरातल्या आजी-आजोबांना आणि दहा वर्षांवरील मुलांनाही एकदा हाताने करून दाखवा. या वर्षी कूलर खाली काढाल तेव्हा गवताबरोबर वायर, पंप आणि पिनही बदलायला झाली आहे का ते पाहा, आणि वायरमन घरी आलाच आहे तर आरसीसीबीही बसवून घ्या.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. विजेचा धक्का बसल्यास प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही. जवळच्या डॉक्टरांना किंवा रुग्णालयात त्वरित दाखवावे.*